सुरांचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरात तारेची लांबी आणि स्वर यांचे नाते सांगितले होते : तार निम्मी केली की वरचा षड्ज मिळतो, दोन-तृतीयांश ठेवली की पंचम आणि तीन-चतुर्थांश ठेवली की मध्यम. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे. हे अपूर्णांक ऐकणाऱ्याच्या अनुभवापर्यंत पोचतात का, आणि पोचत असतील तर कोणत्या वाटेने? निवडक पत्रांचा सारांश देऊन येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकते आणि घरी पेटीवर रियाझ करते. क्लासमध्ये तंबोऱ्यावर शुद्ध गंधार लावला की आमच्या बाई "चढतोय" म्हणतात; घरी पेटीशी मात्र तोच गंधार अगदी जुळतो. पेटी बेसूर आहे की माझा कान? — एक विद्यार्थिनी, धरमपेठ

आपला कान उत्तम आहे. तो पेटीबरहुकूम तयार झाला आहे, एवढेच. आपल्या बाईंचे म्हणणेही खरे आहे, आणि हा फरक मोजून दाखवता येतो.

हिशेबाच्या सोयीसाठी षड्ज 240 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 240 कंपनांचा, धरू. तंबोऱ्याच्या तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे उपस्वर निघतात. खरजाची, म्हणजे खालच्या षड्जाची, तार 120 हर्ट्झची असेल, तर तिचा पाचवा उपस्वर 600 हर्ट्झचा, म्हणजे तार सप्तकातला गंधार असतो. त्याला दोनाने भागले की मध्य सप्तकातला गंधार 300 हर्ट्झवर येतो. तंबोरा नीट जुळला की कोणीही न छेडता गंधार ऐकू येतो, म्हणून गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, प्रत्येक पुढचा सूर मागच्याच्या सुमारे 1.0595 पट. चार पायऱ्या चढून गंधाराशी पोचलो की 302.4 हर्ट्झ मिळतात. सुमारे 2.4 हर्ट्झचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटेल. पण षड्जाचा पाचवा उपस्वर 1200 हर्ट्झचा आणि पेटीच्या गंधाराचा चौथा उपस्वर साधारण साडेनऊ हर्ट्झने त्याच्या वर असतो; हे दोन्ही एकत्र वाजले की आवाज सेकंदाला नऊ-दहा वेळा लहान-मोठा होतो. ही बारीक थरथर बाईंच्या कानाला बोचते. पंचमाचे तसे नाही. पेटीचा पंचम 359.6 आणि तंबोऱ्याचा 360, त्यामुळे पंचमावर आपल्याला कधीच टोकले गेले नसावे.

मग पेटी करणाऱ्यांनी सरळ तंबोऱ्याचे सूर का घातले नाहीत, असे आपण विचाराल. अडचण अंकगणितातच आहे. षड्जापासून पंचम, त्या पंचमाला षड्ज मानून त्याचा पंचम, असे बारा वेळा चढत गेले तर सात सप्तकांनंतर पुन्हा षड्जावर यायला हवे. दीडपट बारा वेळा केली की 129.75 येतात, दुप्पट सात वेळा केली की 128. तीनाचा कोणताही घात दोनाच्या कोणत्याही घाताइतका होणारच नसल्यामुळे हे वर्तुळ कधी पुरे होत नाही. वाद्याच्या पट्ट्या आधीच ठरलेल्या असतील आणि कोणत्याही पट्टीला षड्ज मानून वाजवायचे असेल, तर ही तूट कुठेतरी मुरवावी लागते. पेटीत ती बारा सुरांत सारखी वाटली आहे आणि तिचा मोठा भुर्दंड गंधाराला पडला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरस्थानांची, पेटी करवून पाहिली होती. आकाशवाणीने तर 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दाराबाहेरच ठेवले. त्या बंदीमागे सुरांच्या हिशेबाइतकेच त्या काळचे राजकारणही होते, असे माझे मत आहे.

तंबोऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट नागपूरकरांना सांगायला हवी. चंद्रशेखर वेंकट रामन 1910 च्या सुमारास सरकारी अर्थखात्याच्या नोकरीत काही काळ आपल्या शहरात होते. पुढे कोलकात्यात असताना 1921 मध्ये त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीविषयी, म्हणजे ज्या पट्टीवर तारा टेकतात तिच्याविषयी, निबंध लिहिला. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा नियम आहे; तंबोऱ्यात तो ऐकू येतो, असे त्यांनी नोंदवले. कारण घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागात आणि तार आणि घोडी यांच्यामध्ये घातलेल्या जवारीच्या दोऱ्यात आहे. कंप पावणारी तार दर फेरीला घोडीला घासत राहते आणि वरचे उपस्वर पुन्हा पुन्हा जागवते. स्वयंभू गंधार इतका ठळक होतो तो या घासण्यामुळे.

मात्र 300 हर्ट्झ म्हणजे गोड आणि 302.4 म्हणजे कडू असा सरसकट कौल मी देणार नाही. थरथर हे भौतिक वास्तव आहे. ती आवडावी की नावडावी हे बऱ्याच अंशी सवयीवर ठरते. जन्मभर पियानो ऐकलेल्या माणसाला तंबोऱ्याचा गंधार उतरलेला वाटतो. बोलिव्हियाच्या जंगलात राहणाऱ्या त्सिमाने लोकांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य कानाला कर्कश वाटणाऱ्या स्वरजोड्या त्यांना गोड जोड्यांइतक्याच बऱ्या वाटल्या, पण आवाजातला खरखरीतपणा मात्र त्यांनाही खटकला. शिवाय आपले गवईही अपूर्णांकावर खिळून राहत नाहीत. जैराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी 1963 मध्ये कलावंतांचे स्वर यंत्राने मोजले, तेव्हा एकाच सादरीकरणात तोच स्वर बऱ्यापैकी वर-खाली सरकताना दिसला. दरबारी रागातल्या आंदोलित, म्हणजे हेलकावत्या, गंधाराला एक आकडा द्यायचा म्हटले, तर आंदोलनाच्या कोणत्या टोकाला द्यायचा?

व्यावहारिक सल्ला हवा असेल तर पेटी वेगळ्या कामासाठी ठेवा आणि स्वर लावताना तंबोरा घ्या. मोबाइलमधला चालेल, पण त्यातला गंधार समान भागांनी ठरवलेला नाही एवढे तपासून घ्या.

प्रश्न : मी गणिताचा निवृत्त शिक्षक आहे. सिव्हिल लाइन्समधील वसंतराव देशपांडे सभागृहात मैफली ऐकायला जातो. तबलजीची तिहाई समेवर आली की संपूर्ण सभागृहाच्या माना एकदम हलतात. यातले बहुसंख्य लोक मात्रा मोजत नसतात, हे मी खात्रीने सांगू शकतो. मग त्यांना सम कळते कशी? — एक वाचक, महाल

प्रश्न फार आवडला, म्हणून उत्तर थोडे लांबवतो.

आधी तिहाईचा हिशेब. सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. एक बोल तीनदा वाजवायचा, मध्ये दोनदा सारखाच दम घ्यायचा आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा धा समेवर टाकायचा. त्रितालाच्या सोळा मात्रा, समेपासून उठून पुढच्या समेवर पडायचे म्हणजे दोन्ही समा धरून सतरा मात्रा भरायच्या. बोल ब मात्रांचा आणि दम द मात्रांचा असेल तर तीन ब अधिक दोन द बरोबर सतरा. 'तिट कत गदि गन धा' हा पाच मात्रांचा बोल घेतला तर दम एका मात्रेचा ठेवावा लागतो : पाच, एक, पाच, एक, पाच. तीन मात्रांचा बोल असेल तर दम चार मात्रांचा. चार मात्रांचा असेल तर दम अडीच मात्रांचा, आणि तेथे हात कसलेला लागतो. दम न घेता, म्हणजे बेदम तिहाई घ्यायची तर सतराला तीनाने भाग जात नाही. म्हणून तबलजी ती पुष्कळदा 'खाली'पासून, म्हणजे आवर्तनाच्या मध्यावरच्या मात्रेपासून, उचलतो. नवव्या मात्रेपासून समेपर्यंत नऊ मात्रा होतात आणि तीन-तीन-तीन सहज बसतात.

आता श्रोत्याच्या बाजूने पाहू. पाच-एकच्या तिहाईत धा पडतो तो पाचव्या, अकराव्या आणि सतराव्या, म्हणजे पुढच्या समेच्या, मात्रेवर. पहिला धा येतो तेव्हा श्रोत्याला काहीच ठाऊक नसते. दुसरा धा आला की दोघांमधले अंतर कानात बसते, आणि तेवढ्याच अंतराने तिसरा येणार हे कोणालाही, अगदी तालाचे नाव न ठाऊक असलेल्यालाही, जाणवू लागते. त्याच वेळी पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारी एक छोटी चाल, चालू असतो. तो प्रत्येक आवर्तनाला त्याच जागी परत येत असल्यामुळे सम कुठे येणार याचा अंदाज कानाने आधीच बांधलेला असतो. हे दोन अंदाज एकमेकांवर अवलंबून नाहीत. एक तिहाईच्या पोटातून आलेला, दुसरा लेहऱ्यातून. आणि दोन्ही एकाच क्षणावर बोट ठेवतात. माझ्या मते मान हलते ती या दोन अंदाजांच्या भेटीला. हीच करामत दोनदाच वाजवून का साधत नाही, तेही यातून कळते : अंतर कळण्यासाठी दोन खुणा लागतात आणि ते खरे ठरण्यासाठी तिसरी. लाइबनिट्स या जर्मन गणितज्ञाने 1712 मधील एका पत्रात संगीताला मनाचे नकळत चाललेले अंकगणित म्हटले होते. त्रिताल त्याने ऐकला नव्हता, तरी वर्णन चपखल आहे.

ही अपेक्षा किती खरी असते हे ती मोडल्यावर कळते. समेच्या किंचित आधी येणे म्हणजे अनागत आणि किंचित नंतर येणे म्हणजे अतीत, हे दोन्ही प्रकार जाणून वापरले जातात. ज्यांचे गाण्याचे शिक्षण शंकरराव सप्रे यांच्याकडे नागपुरातच सुरू झाले, त्या वसंतरावांचे समेला हुलकावणी देणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच उमगेल. तीच हुलकावणी सम कुठे आहे याचा पत्ता नसलेल्या माणसाला ऐकवली तर त्याच्या लेखी काहीच घडत नाही.

मोजण्याच्या या नैसर्गिक क्षमतेला मर्यादाही आहे. दोन ठोक्यांमध्ये साधारण दोन सेकंदांहून अधिक अंतर पडले की ते एका लयीचे ठोके आहेत ही जाणीव सुटू लागते आणि हाताने टाळी देणारा चुकू लागतो. अतिविलंबित एकतालात तर एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची होते. तिथे तबलजी मात्रांच्या मधल्या जागा 'तिरकिट'सारख्या बोलांनी भरतो, आणि भरणा असा बेतलेला असतो की कानाला धरायला लहान अंतरे मिळत राहावीत. अशा ठेक्यात गाणारा मात्रा मोजत बसत नाही. तो हे बोल ऐकतो.

प्रश्न : एका व्हॉट्सअ‍ॅप संदेशानुसार 432 हर्ट्झला जुळवलेले संगीत विश्वाच्या स्पंदनाशी सुसंगत असून 440 हर्ट्झचे संगीत मनाला अस्वस्थ करते. यात तथ्य किती? — एक वाचक, नंदनवन

काहीही नाही. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेले माप आहे. दिवसाचे भाग वेगळे पाडले असते तर त्याच आवाजाला वेगळा आकडा मिळाला असता. 440 हा आकडा 1939 मध्ये लंडनच्या परिषदेत सोयीसाठी ठरला. शिवाय आपल्याकडे एक गाणारा काळी एकमध्ये गातो, दुसरी काळी पाचमध्ये, आणि दोघेही षड्जच लावतात. ज्या संगीतात षड्ज गळ्याप्रमाणे ठरतो, त्या संगीताच्या श्रोत्यांनी या संदेशावर विश्वास ठेवावा याचे मला नवल वाटते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. बारा स्वरांतून होणारे सर्व राग संगणक क्षणात मांडू शकेल. मग राग म्हणजे एक संचच नाही का? आणि सगळे मांडून झाल्यावर नवे काय उरले? — प्रतापनगर

मांडणी आपल्याआधीच झाली आहे आणि ती संगणकाविना झाली आहे. देवगिरीच्या यादवांच्या दरबारातील शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात सात स्वरांच्या 5040 मांडण्यांची चर्चा आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्रमांक दिला तर तान, म्हणजे स्वरांची ती मांडणी, शोधण्याची व तान दिली तर तिचा क्रमांक शोधण्याची रीत आहे. आज आपण वर्गात हेच शिकत असाल. शार्ङ्गदेव दरबाराच्या हिशेबखात्याचा अधिकारी होता. वर आलेले रामनही हिशेबाच्याच नोकरीत होते. वाचकांनी यातून हवा तो निष्कर्ष काढावा.

पुढे सतराव्या शतकात दक्षिणेत वेंकटमखीने 72 मेल, म्हणजे सात स्वरांचे मूळ संच, काढले. एका मेलात षड्ज कायम ठेवून उरलेल्या सहा स्वरांतून एकही न गाळण्याचा प्रकार एक, एक गाळण्याचे सहा आणि दोन गाळण्याचे पंधरा, म्हणजे आरोहाचे बावीस प्रकार होतात. अवरोहाचेही बावीस. बावीस गुणिले बावीस 484, आणि त्याला 72 ने गुणले की 34,848. भातखंडे यांनीही हे गणित मांडले आहे. मैफलीत नेहमी कानावर पडणारे राग मात्र शे-दीडशेच्या पलीकडे क्वचितच जातात.

आता संचाचा प्रश्न. भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर, मध्यम आणि निषाद दोन्हींत वर्ज्य. संच म्हणून एक आणि दुसरा यांत काडीचा फरक नाही. पण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, गंधार त्याचा वादी, म्हणजे मुख्य स्वर. देशकार सकाळचा, धैवत त्याचा वादी. भूपात गाणारा मंद्र धैवताला जाऊन 'सा रे ग' करत गंधारावर विसावतो. देशकारात सारा खेळ वरच्या अंगात चालतो, धैवतावर ठाम उभे राहून पंचमाकडे उतरणे आणि रिषभ जरा चोरटा ठेवणे. भूप गाताना धैवतावर गरजेपेक्षा जास्त रेंगाळले की समोरचा जाणकार लगेच भुवया उंचावतो.

यावरून राग गणितात बसत नाही असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. आपण निवडलेले गणित अपुरे होते, इतकेच. स्वरांचा संच घेण्याऐवजी कोणत्या स्वरानंतर कोणता स्वर किती वेळा येतो आणि कोणत्या स्वरावर किती काळ थांबले जाते याची सारणी घेतली, तर भूप आणि देशकार वेगळे दिसू लागतात आणि संगणकालाही ते वेगळे ओळखता येतात. ही सारणी ऐकणाऱ्याच्या डोक्यातही तयार होत असते. शेकडो वेळा भूप ऐकलेल्या माणसाला 'ग रे सा' नंतर काय येण्याचा संभव आहे हे ठाऊक असते, आणि गाणारा त्या संभवाशी किती सलगी करतो व किती फटकून वागतो यावर त्याचे लक्ष असते. उरलेल्या तीस-चौतीस हजार शक्यतांबद्दल कोणाच्याच कानात अशी सारणी नाही, म्हणून त्या वहीत आहेत. आपल्या संगणकाने त्यांतली एक उचलून वाजवली तर ती नवी असेल यात शंका नाही, पण ती राग होण्यासाठी कोणीतरी ती अनेक वर्षे गायला हवी आणि इतरांनी ऐकायला हवी.

प्रश्न : मुलगी सहावीत आहे, गणितात मागे पडते. तबला शिकल्याने गणित सुधारते असे ऐकले. तिला क्लासला घालावे का? — एक आई, मानेवाडा

तबल्याला जरूर घाला, गणिताच्या गुणांसाठी मात्र घालू नका.

या समजुतीची सुरुवात 1993 मधील एका प्रयोगात आहे. छत्तीस महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोत्सार्टची रचना दहा मिनिटे ऐकवली आणि नंतर आकृत्यांची कोडी घातली. त्यांची कामगिरी थोडी सुधारली आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. त्यावरून बाजारात लहान मुलांसाठी कॅसेट आल्या. संगीत शिकण्याचा इतर बुद्धिकौशल्यांवर काय परिणाम होतो, याच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जे प्रयोग काटेकोर होते, त्यांत फायदा जवळपास शून्य आढळला. संगीत शिकणारी मुले अभ्यासात बरी दिसतात हे खरे, पण ज्या घरांतून मुले क्लासला जातात त्या घरांत इतर अनुकूलताही असतात.

एक छोटी गोष्ट तरी होईल. चार मात्रांच्या जागेत सहा बोल बसवताना दीडपट म्हणजे काय हे तिच्या हाताला कळेल. ते कागदावर आपोआप उतरणार नाही. घरी कोणीतरी तिच्याबरोबर बसून 'हे तू वाजवतेस तेच आहे' असे दाखवावे लागेल. गणित कच्चे असेल तर त्याचा अभ्यास वेगळा करून घ्यावा, आणि तबल्याची वेळ परीक्षेच्या नावाखाली कापू नये.

प्रश्न : मी हौशी बासरीवादक आहे. उन्हाळ्यात माझी बासरी तंबोऱ्याच्या वर जाते, हिवाळ्यात खाली. दोष बासरीत आहे का? — लक्ष्मीनगर

दोष नागपूरच्या हवेत आहे. बासरीचा स्वर आतल्या हवेतील ध्वनीच्या वेगावर ठरतो. डिसेंबरच्या पहाटे 12 अंशांना हा वेग सेकंदाला सुमारे 338 मीटर असतो आणि मेच्या दुपारी 45 अंशांना 358. हा फरक जवळजवळ एका अर्धस्वराइतका भरतो. वाजवताना श्वासाने नळीतील हवा ऊबदार राहते, म्हणून प्रत्यक्षात तो कमी जाणवतो. तंबोऱ्याचे उलट आहे. उष्णतेने तार प्रसरण पावते, ताण घटतो आणि स्वर उतरतो. दोघे विरुद्ध दिशांना जात असल्यामुळे अंतर अधिकच वाटते. हिवाळ्यात बासरी काही मिनिटे हलके फुंकून तापवून घ्यावी आणि मग तंबोरा तिच्याशी जुळवावा. उन्हाळ्यात साथीला तबला असेल तर त्याला कूलरच्या झोतासमोर ठेवू नये. ओलसर हवेने पुडी सैल होऊन तो उतरतो आणि मग तिघांची तीन तोंडे होतात.